सेलेनियमला बटण सापडतं, पण क्लिक होत नाही. जावास्क्रिप्टने क्लिक मारू का?

तुमचा प्रश्न असा, की सेलेनियमला (ब्राउझर आपोआप चालवून साइट तपासणारं साधन) बटण सापडतं पण क्लिकच्या ओळीवर टेस्ट फेल होते, स्लीप (ठरावीक सेकंद नुसतं थांबणं) वाढवला की कधी चालते कधी नाही, आणि मित्र म्हणतो जावास्क्रिप्टने क्लिक मार.

मारू नका. आधी एररची ओळ शेवटपर्यंत वाचा.

वेबड्रायव्हरचं, म्हणजे सेलेनियम ज्यातून ब्राउझर चालवतं त्याचं, साधं क्लिक माणूस जे करेल त्याच्या जवळ जातं. बटण स्क्रीनबाहेर असेल तर ड्रायव्हर स्क्रोल करून ते आत आणतो, दिसणाऱ्या भागाचा मध्यबिंदू काढतो आणि तिथे सगळ्यात वर काय आहे ते बघतो. तिथे तुमचं बटण किंवा त्याच्याच आतलं काही नसेल, तर 'एलिमेंट क्लिक इंटरसेप्टेड' (क्लिक मध्येच अडलं) ही एरर देऊन थांबतो. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेच्या २०१८ च्या मानकातच हे ठरलंय. जावास्क्रिप्टचं क्लिक यातलं काहीच तपासत नाही. वर काहीही झाकलेलं असो, ते बटण दाबलं गेलं असंच धरून चालतं.

आम्ही इथे कोल्हापुरात चपला विकणाऱ्या एका दुकानाची साइट टेस्ट करतो. ३६० पिक्सेल रुंदीला 'कार्टमध्ये टाका'वर टेस्ट फेल व्हायची. क्लिक कोणत्या दुसऱ्या एलिमेंटला जाईल, हे क्रोमने एररमध्येच सांगितलं होतं: तळाला चिकटलेली 'व्हॉट्सॲपवर विचारा' ही पट्टी. ड्रायव्हर स्क्रोल करताना एलिमेंटची खालची कड स्क्रीनच्या खालच्या कडेला लावतो, त्यामुळे अशा पट्टीखाली बटण हमखास जातं. माणसाला अजून थोडं स्क्रोल करून ते मोकळं करता येत असेल, तर साइट ठीक आहे. टेस्टमध्ये बटण आधी स्क्रीनच्या मध्यावर आणा आणि मग साधं क्लिक करा. आमच्याकडे मात्र पान बटणापाशीच संपत होतं, पुढे स्क्रोल करायला जागाच नव्हती. म्हणजे मोबाइलवरून चप्पल घेणाऱ्या गिऱ्हाइकाचं बोटही त्या पट्टीवरच पडणार. पानाच्या तळाला पट्टीच्या उंचीइतकं पॅडिंग, म्हणजे रिकामी जागा, दिल्यावर टेस्ट पास झाली, आणि गिऱ्हाइकाची वाटही मोकळी झाली. जावास्क्रिप्टने क्लिक मारलं असतं तर हा बग आम्हाला कधी दिसलाच नसता.

स्लीपचं म्हणाल तर तो काढून टाका आणि एक्स्प्लिसिट वेट, म्हणजे एखादी अट पुरी होईपर्यंतच थांबणं, लावा. तो दर अर्ध्या सेकंदाला अट तपासतो आणि पुरी झाली की लगेच पुढे जातो. पण 'एलिमेंट टू बी क्लिकेबल' या नावावर विसंबू नका: ती अट फक्त बटण दिसतंय आणि एनेबल आहे एवढंच बघते, वर लोडर (पान भरेपर्यंत फिरणारं चिन्ह) फिरतोय का ते बघत नाही. तुमचं 'कधी चालतं, कधी नाही' बहुधा इथलंच आहे. लोडर नाहीसा होण्याची अट वेगळी लावा. आणि इम्प्लिसिट वेट (प्रत्येक शोधाला एकदाच लावून ठेवलेली थांबण्याची मुदत) त्यात मिसळू नका, थांबण्याचा हिशोब बिघडतो.

एरर 'नॉट इंटरॅक्टेबल' (एलिमेंटवर काही करता येत नाही) असेल तर गोष्ट निराळी. एकाच नावाची दोन बटणं असतात, एक डेस्कटॉपचं लपवलेलं, एक मोबाइलचं; शोधताना पहिलं हाती लागतं, आणि ते लपलेलं निघतं. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये तुमचा लोकेटर, म्हणजे बटण शोधायची खूण, चालवून किती सापडतात ते मोजा. 'स्टेल' (सापडलेलं एलिमेंट आता पानावर नाही) ही एरर आली तर पान मध्येच नव्याने रंगवलं गेलंय, क्लिकच्या अगदी आधी बटण पुन्हा शोधा.

तुम्ही बटण 'दुसऱ्या पत्त्यावर पाठवा' या मजकुरावरून शोधताय, म्हणून हेही सांगतो, कारण मराठी साइटवर हे हटकून छळतं. 'ऱ्या' दोन तऱ्हांनी टाइप होतो: एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण एक्सपाथ (पानातलं एलिमेंट शोधायची भाषा) कोडपॉइंट, म्हणजे प्रत्येक अक्षराचा युनिकोड क्रमांक, जुळवतो, त्यामुळे तुमच्या कीबोर्डवरचा मजकूर कंटेंटवाल्यांच्या मजकुराशी जुळेलच असं नाही. जास्तीच्या मोकळ्या जागा काढणारं एक्सपाथचं नॉर्मलाइझ-स्पेसही याला पुरत नाही. डेव्हलपरना सांगून महत्त्वाच्या बटणांना डेटा-टेस्टआयडी, म्हणजे फक्त टेस्टसाठीची न दिसणारी ओळख, लावून घ्या आणि सीएसएस सिलेक्टरने त्यावरूनच शोधा. उद्या कोणी 'पाठवा'चं 'पाठवून द्या' केलं तरी टेस्टला फरक पडणार नाही.