टेनर सॅक्सोफोनचा जुना माउथपीस खरंच वेगळा वाजतो का? एवढे पैसे घालावेत का?

तुम्ही विचारलंय की बाजारात चांगले नवीन माउथपीस, म्हणजे तोंडात धरून फुंकायचा सॅक्सचा भाग, मिळत असताना लोक साठ-सत्तर वर्षं जुन्याच्या मागे का लागतात, आवाजात फरक आहे की नुसतं नाव. फरक आहे, पण तो जुनेपणाचा नाही, आतल्या पोकळीचा आहे.

माझ्याकडे ओटो लिंक ह्या अमेरिकन कंपनीचा, एबोनाइटचा म्हणजे कडक रबराचा जुना आहे, अंगावर तिरकी सही असलेला, त्याला स्लँट म्हणतात. पंचवटीत आमच्या ओळखीचे एक बँडमास्तर काका होते, त्यांचा बँड बंद झाला, घरात वाजवणारं कोणी उरलं नाही, तेव्हा त्यांनी तो मला दिला. त्यांनी तरुणपणी मुंबईत हॉटेलात वाजवणाऱ्या एका गोवेकराकडून घेतलेला. जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला होता. वर जिथे दात टेकतात तिथे दोन खड्डे पडलेत, आधी वाजवणाऱ्यांच्या दातांचे, आणि माझेही दात बरोब्बर तिथेच जाऊन बसतात.

पहिल्या दिवशी खालचा सी लावला आणि मी थांबलोच. लहानपणी भांडी बाजारात तांब्याच्या हंड्यात तोंड घालून ओरडायचो ना, आवाज जाड होऊन परत यायचा, तसं काहीतरी, पण हंड्यात शब्द गढूळ होतो आणि इथे सुराची कड तशीच राहते. याचं कारण असं की ह्यात चेंबर, म्हणजे आतली पोकळी, मोठा आहे, आणि टोकाच्या लगेच मागचं छप्पर, म्हणजे बॅफल, खाली उतरता आहे, त्यामुळे हवा आत गेल्या गेल्या पसरते. बॅफल उंच आणि चेंबर अरुंद केला की हवा जोरात सुटते, आवाज चकचकीत आणि मोठा होतो पण त्यातला श्वास जातो. जबडा जरा सैल सोडून हळू फुंकलं की खालच्या सुरांत जो फुसफुसता दमटपणा येतो, सबटोन, तो मला ह्याच्यावर जितका सहज मिळतो तितका दुसऱ्या कशावरच मिळाला नाही. फुंक मात्र जास्त लागते, पहिले पंधरा दिवस माझा दम पुरत नव्हता.

वरातीत मी हा वाजवत नाही. रविवार कारंज्यावर शेजारी नाशिक ढोल सुरू असताना हा कोणाला ऐकूच येणार नाही, तिथे माझा उंच बॅफलचा नवीन धातूचा माउथपीसच कामाचा, आणि त्यात कमीपणा काही नाही. काम बघून माउथपीस.

आता पैशाचं. जॅझचा मोठा सॅक्सवादक जॉन कोल्ट्रेन ओटो लिंक वाजवायचा, तोही धातूचा, अशा नावांमुळे मागणी आहेच. शिवाय १९७० च्या दशकात कंपनी फ्लोरिडातून इंडियानातल्या बॅबिट ह्या माउथपीस कंपनीकडे गेली, त्यामुळे त्याच्या आधीचे जास्त शोधले जातात. पण तेव्हा शेवटचं काम हाताने व्हायचं, एकाच नंबरचे, म्हणजे टोकाशी तेवढीच फट असलेले, दोन पीस वेगळे वाजतात, त्यामुळे एक अप्रतिम आणि दुसरा अगदीच साधा असं होऊ शकतं. त्यात बरेच जुने पीस ५ किंवा ५ स्टार अशा लहान उघडणीचे, म्हणजे कमी फटीचे होते, आता लोकांना ७ स्टार लागतो, म्हणजे साधारण ०.१०५ इंच, मग मधल्या काळात कोणीतरी घासून मोठे करून ठेवलेले असतात, नंबर जुनाच आणि आतलं काम कोणाचं कळत नाही.

आणि घेतलात तर गरम पाणी लावू नका, प्लीज. जानेवारीतल्या थंडीत मी माझा नळाच्या गार पाण्याऐवजी गिझरच्या पाण्याने धुतला, दोन मिनिटांत काळाभोर रंग शेवाळी हिरवट झाला आणि जळक्या काडेपेटीसारखा वास सुटला. एबोनाइटमध्ये गंधक असतं, गरम पाण्याने आणि उन्हाने ते वर येतं. आवाज नाही बिघडला पण काकांना दाखवायची हिंमत झाली नाही.

तुम्ही शिकून वर्ष-दीड वर्षच झालं असेल तर आत्ता घेऊ नका, साधा नवीन माउथपीस आणि अडीच नंबर कडकपणाची रीड, म्हणजे माउथपीसला बांधायची वेताची पातळ पट्टी, पुरेशी आहे, रोज लांब सूर लावा. पण घ्यायचाच असेल तर स्वतःचा सॅक्स घेऊन जा. टोकावर हळूच नख फिरवा, टवका लागला तर सोडा. पाठीकडची सपाट बाजू काचेवर ठेवून डगमगते का बघा. मग रीड बांधा, मागचं भोक तळहाताने घट्ट बंद करा आणि पुढून हवा ओढून घ्या, रीड क्षणभर चिकटून मग पॉप आवाज करत सुटली पाहिजे. तीन-चार वेळा करूनही चिकटतच नसेल तर आधी रीड बदलून बघा, आणि तरीही नाही झालं तर विकणारा कितीही दुर्मिळ म्हणो, परत द्या.