वाचकांचे प्रश्न: परत कॅनडाला जायचंय, एजंट नऊ लाख मागतोय

प्रश्न: ताई नमस्कार. मी खानापूर तालुक्यातला, वय ३२, लग्न झालेलं नाही. व्हीटीयूमधून मेकॅनिकल बीई केलं, दोन वर्षं बेळगावच्या उद्यमबागला एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला होतो आणि जानेवारी २०२० ला ऑंटारिओत दोन वर्षांच्या डिप्लोमाला गेलो. डिप्लोमा झाल्यावर तीन वर्षांचं वर्क परमिट मिळालं, पहिली दीड-पावणेदोन वर्षं वेअरहाऊसमध्ये बॉक्स उचलले, मग ऑक्टोबर २०२३ पासून जानेवारी २०२५ पर्यंत एका पार्ट्स बनवणाऱ्या कंपनीत शिफ्ट सुपरवायझर होतो. एक्सप्रेस एन्ट्रीत, म्हणजे पॉइंट बघून पीआरला (तिकडं कायम राहायच्या परवान्याला) बोलावतात त्यात, नाव घातलं होतं पण आयईएलटीएस या इंग्लिश परीक्षेत रायटिंगला ६.५ आले, पॉइंट कमी पडले. तेवढ्यात बाबांना पॅरालिसिसचा झटका आला, परमिट फेब्रुवारीत संपणारच होतं, मग सगळं आवरून आलो. आता बाबा काठी टेकत शेतापर्यंत जातात आणि मी परत उद्यमबागलाच लागलोय, सहा-सात महिने झाले.

कॅम्पातला एक एजंट म्हणतो नऊ लाख द्या, एलएमआयएवाली (बाहेरचा कामगार घ्यायला मालकाला लागणाऱ्या सरकारी मंजुरीची) जॉब ऑफर आणून देतो, ५० पॉइंट वाढतात. दुसरा म्हणतो परत एक वर्षाचा कोर्स घे, कोर्स झाला की परत वर्क परमिट. तिसरा तर अनुभवाचं लेटर पण बनवून देतो म्हणाला. एज्युकेशन लोनचे चार लाख अजून फिटायचेत, घरी दोन एकर भातशेती आहे तेवढीच. घरचे म्हणाय लागल्यात लग्न कर आणि गप इथंच रहा. मला खरंच रस्ता आहे का, का उगीच नाद करतोय?

उत्तर: रस्ता आहे, आणि तुझ्याकडं जेवढं आहे तेवढं या तिन्ही एजंटांपैकी कुणीच बसून मोजलेलं दिसत नाही. मी स्वतः बारा वर्षं तिकडं राहून शहापूरला परत आलेय, त्यामुळं बाबांसाठी सगळं टाकून येणं म्हणजे काय ते मला माहितीय. तू परमिट संपायच्या आत बाहेर पडलास, एक दिवस पण बेकायदा राहिला नाहीस, हे तुझ्या फाइलीत फार मोलाचं आहे.

आधी ते नऊ लाख. जॉब ऑफरचे ५० पॉइंट कॅनडा सरकारनं २५ मार्च २०२५ पासून काढूनच टाकलेत, म्हणजे जी वस्तू आता दुकानातच नाही ती तुला विकाय लागलाय तो. दुसरं म्हणजे एलएमआयएची सरकारी फी एका जागेला हजार डॉलर असते, ती मालकानंच भरायची असते आणि कामगाराकडून वसूल करायची नाही असा तिथला नियम आहे. नोकरीचं पत्र पैशाला विकणं तिकडं गुन्हा आहे. कुठल्या खऱ्या कंपनीनं तुला स्वतःहून बोलावलं तर त्या एलएमआयएवर वर्क परमिट मिळू शकतं, ते खोटं नाही, पण ते असं कॅम्पात बसून मिळत नाही.

परत कोर्सचं तर अजिबात करू नकोस. शिक्षणानंतरचं ते वर्क परमिट माणसाला आयुष्यात एकदाच मिळतं, तुझं वापरून झालं. आता अजून एक नाही तर दोन डिप्लोमा केलेस तरी दुसऱ्यांदा मिळणार नाही, आणि हे त्या एजंटाला माहीत नसेल असं मला वाटत नाही, त्याला कॉलेजकडून कमिशन मिळतं. शिवाय स्टडी परमिटसाठी पहिल्या वर्षाची फी आणि प्रवासखर्च सोडून नुसते राहायखायचे २२,८९५ डॉलर दाखवावे लागतात, सप्टेंबर २०२५ पासूनचा आकडा आहे हा, आपले चौदा लाखांच्या वर गेले. जुनं लोन फिटलं नसताना हे घेऊन तुझ्या हातात काय येणार सांग?

तिसऱ्या एजंटाकडं तर परत फिरकू पण नकोस. खोटं लेटर सापडलं तर पाच वर्षांची बंदी बसते, आणि तुझा खरा अनुभव पण मग कुणी खरा धरत नाही.

आता तुझं स्वतःचं बघू. वेअरहाऊसचं काम स्किल्डमध्ये धरत नाहीत ते सोडून दे, पण सुपरवायझरचे १६ महिने धरतात. कॅनेडियन एक्सपीरियन्स क्लास म्हणून जो प्रकार आहे त्यात मागच्या तीन वर्षांत कॅनडातला एक वर्षाचा स्किल्ड अनुभव लागतो, बोलावणं येताना पण आणि अर्ज भरताना पण. तुझी नोकरी जानेवारी २०२५ ला संपली. म्हणजे जानेवारी २०२७ संपेपर्यंत तुझं ते एक वर्ष पूर्ण भरतं, त्यानंतर महिन्या-महिन्यानं कमी होत जाणार. ही तारीख कॅलेंडरवर लाल पेनानं लिही. त्यानंतर पण तू फेडरल स्किल्ड वर्कर नावाच्या दुसऱ्या प्रकारातून बसतोस, तिथं मागच्या दहा वर्षांतला अनुभव चालतो, पण त्यात पैसे दाखवावे लागतात, एकट्या माणसाला जुलै २०२५ च्या आकड्यानं १५,२६३ डॉलर, आणि ते बँकेत रोख पाहिजेत. बाबांची दोन एकर जमीन त्यात धरत नाहीत, उताऱ्यावर तुझं नाव असलं तरी नाही, आणि कुणाकडून उसने घेऊन खात्यात टाकलेले पण चालत नाहीत. कॅनेडियन एक्सपीरियन्सवाल्याला हे पैसे दाखवायची गरजच नाही, म्हणून म्हणतेय ती तारीख महत्त्वाची.

पॉइंटचा ढोबळ हिशेब मी कागदावर करून बघितला. वयाचे ९४, बीई आणि डिप्लोमा मिळून १२८, कॅनडातल्या एका वर्षाचे ४०, कॅनडात शिकलास त्याचे १५. बाकी सगळीकडं चांगले बँड आणि एकट्या रायटिंगला ६.५ धरलं तर आधीची उद्यमबागची दोन वर्षं मिळवून तू ४६९ वर येतोस. त्याच रायटिंगला ७ पडले, म्हणजे लिसनिंग ८ आणि बाकी तिन्ही ७, की ४८९. अर्ध्या बँडला २० पॉइंट! आणि आधीची दोन वर्षं आणि आताची नोकरी मिळून तीन वर्षं भरली की अजून १२, म्हणजे ५०१. पण ३३ वा वाढदिवस झाला की सहा जातात, त्यापुढं पण दरवर्षी पाच-सहा जातच राहतात. आयईएलटीएसचा निकाल दोनच वर्षं चालतो, त्यामुळं तुझी ती जुनी परीक्षा अशीही परत द्यावी लागणारच आहे, आयईएलटीएस जनरलच पाहिजे असं नाही, सेलपिप किंवा पीटीई कोअर पण चालतं, टायपिंग बरं असलेल्या मुलांना ते सोपं जातं असं माझं बघणं आहे.

आता खरी गोष्ट सांगते, २०२५ मध्ये कॅनेडियन एक्सपीरियन्सच्या सगळ्या ड्रॉचा, म्हणजे बोलावणं काढतात त्या फेऱ्यांचा, कटऑफ ५०० च्या वरच राहिला, ५१५ च्या खाली आलाच नाही. म्हणजे ५०१ वर तू दाराशी उभा आहेस पण आत नाहीस. आणि त्याच वर्षी मार्चमध्ये फ्रेंच येणाऱ्यांचा ड्रॉ ३७९ ला लागला. ३७९! फ्रेंचमध्ये लेव्हल ७ आणली की ज्यादाचे ५० आणि दुसऱ्या भाषेचे १२ मिळतात, म्हणजे तुझे ४८९ चे ५५१ होतात आणि फ्रेंचच्या वेगळ्या ड्रॉमध्ये पण तुझं नाव येतं. कुठल्याही एजंटानं हे सांगितलं नसणार कारण यात त्याला काही मिळत नाही, शिकायचं तुलाच आहे.

सोपं नाही हं. लेव्हल ७ म्हणजे साधारण बी-टू, रोज दोन तास धरून वर्ष-सव्वा वर्ष तरी जातं, आणि ते पण बोलायची प्रॅक्टिस ठेवली तर. पण आपण सीमाभागातली माणसं, घरात मराठी, पंचायतीत कन्नड, कॉलेजात इंग्लिश, टीव्हीवर हिंदी, आपल्या डोक्यात भाषांना जागा करायची सवय लहानपणापासूनच आहे. गावातला सातवी शिकलेला दुकानदार तीन भाषांत हिशेब सांगतो आपल्याकडं. आलियान्स फ्राँसेज पुण्यात आहे, बंगळूरला आहे, ऑनलाइन क्लास पण घेतात, परीक्षा टीईएफ कॅनडा नाहीतर टीसीएफ कॅनडा द्यायची. नऊ लाखांच्या मानानं याचा खर्च फारच कमी.

म्हणून माझं म्हणणं असं की इंग्लिशची परीक्षा आत्ताच दे आणि प्रोफाइल टाकून ठेव, जानेवारी २०२७ संपायच्या आत कटऑफ खाली आला तर तू तयार पाहिजेस, आणि फ्रेंच आजपासून सुरू कर, कॅनेडियन एक्सपीरियन्सची मुदत गेली तरी फेडरल स्किल्डमधून फ्रेंचचा ड्रॉ तुला लागू शकतो, तोपर्यंत ते पंधरा हजार डॉलर हळूहळू साठवायला घे.

कागद मात्र या आठवड्यातच काढायला लाग. तिकडच्या कंपनीच्या एचआरला मेल करून लेटरहेडवर पत्र माग, त्यात पद, तारखा, आठवड्याचे तास, पगार आणि तू काय काय काम करत होतास ते सविस्तर पाहिजे. नुसतं 'ही वर्क्ड विथ अस' असलं पत्र उपयोगाचं नाही. जितका उशीर करशील तितकं अवघड, मॅनेजर बदलला की तुला ओळखणारं कुणी राहत नाही. टी-४ (कंपनी देते ती वर्षाच्या पगाराची स्लिप) आणि टॅक्सच्या नोटिसा डाउनलोड करून ठेव. डिप्लोमाचं मूल्यांकन (पदवी कॅनडाच्या कुठल्या पदवीबरोबरीची ते ठरवणारा दाखला) लागत नाही पण बीईचं लागतं, ते पाच वर्षं चालतं, तुझं २०१९-२० चं असेल तर संपलं, ट्रान्सक्रिप्टसाठी व्हीटीयू तर आपल्या मच्छेतच आहे.

अजून एक आपल्या भागाचं. मागं एका बाईंनी मला कागद दाखवले, जन्मदाखला पंचायतीचा कन्नडमध्ये हातानं लिहिलेला, शाळेचा दाखला मराठीत, एकावर बेलगाम, पासपोर्टवर बेळगावी, बापाचं नाव एका ठिकाणी पूर्ण आणि एका ठिकाणी नुसतं इनिशियल. इंग्लिश भाषांतर तिच्या काकांनी केलेलं, काका वकील आणि नोटरी, त्यांना वाटलं झालं काम. पण कॅनडाला नातेवाइकानं केलेलं भाषांतर चालत नाही, तो काका असो, मामा असो, सख्खा चुलतभाऊ असो, आणि वकील असला तरी नाही. सगळं बाहेरच्या माणसाकडून परत करून घ्यावं लागलं. गावाचं नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं हे एका पानाच्या पत्रात लिहून जोडलं की झालं, घाबरायचं कारण नाही, पण स्वतःहून लिहायचं.

कन्सल्टंट हवाच असेल तर कॅनडाच्या कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सच्या यादीत नाव शोध, लायसन्स नंबर आर नं सुरू होतो, यादी सगळ्यांना बघता येते. पीआरची सरकारी फी दीड हजार डॉलरच्या थोडी वर आहे, आपले लाखभर, नऊ लाखांशी ताडून बघ.

लग्नाचं घरच्यांशी तू बोल, त्यात मी पडत नाही. फक्त मध्ये लग्न झालं तर अर्जात लगेच सांगायचं. लपवून पीआर घेतली तर पुढं त्याच बायकोला स्पॉन्सर करता येत नाही, आणि लग्नानंतर पॉइंटचा हिशेब पण बदलतो, तिचं शिक्षण आणि इंग्लिश त्यात येतं.

प्रश्न: मी निपाणीची, वय २९. इंग्लंडमध्ये एमएस्सी केली, दोन वर्षांचा ग्रॅज्युएट व्हिसा पण झाला, स्पॉन्सर मिळाला नाही म्हणून परत आले. परत ग्रॅज्युएट व्हिसा मिळेल का? एक जण इंडियावाल्यांच्या लॉटरीत नाव घालायला १५ हजार मागतोय, ते खरं असतं का?

उत्तर: ग्रॅज्युएट व्हिसा परत मिळत नाही ग, तो पण एकदाच. स्किल्ड वर्करचा रस्ता आहे पण २२ जुलै २०२५ पासून पगाराची अट साधारण ४१,७०० पौंडांवर गेली आणि काम पदवीच्या पातळीचं लागतं, त्यामुळं छोट्या कंपन्या मागं सरतात, तुला आलेला अनुभव तुझ्या एकटीचा नाही.

लॉटरी मात्र खरी आहे. इंडिया यंग प्रोफेशनल्स स्कीम, २०२३ ला सुरू झाली, वर्षाला ३,००० जागा, वय १८ ते ३०, पदवी पाहिजे आणि खात्यात २,५३० पौंड. व्हिसा दोन वर्षांचा, स्पॉन्सर लागत नाही, कुठंही नोकरी करता येते. आधी विद्यार्थी म्हणून राहिलीस म्हणून अडत नाही. पण बॅलटमध्ये, म्हणजे या लॉटरीत, नाव घालायला एक रुपया पण लागत नाही! ब्रिटिश सरकारच्या साइटवर नाव, जन्मतारीख, पासपोर्टची माहिती आणि पासपोर्टचा फोटो टाकायचा, दहा मिनिटांचं काम. बॅलट दोनच दिवस उघडं असतं, त्यामुळं तारखेवर लक्ष ठेव. एका माणसाला एका बॅलटमध्ये एकदाच नाव घालता येतं, आणि निवड कुणाच्या ओळखीनं होत नाही, त्यामुळं त्या माणसाला पंधरा हजार कशाचे द्यायचे?

तू २९ ची आहेस, ३१ वा वाढदिवस व्हायच्या आत जेवढी बॅलट येतील त्या प्रत्येकात नाव घाल. एकदा लागलं नाही म्हणून सोडू नकोस, दर वेळी नव्यानं घालता येतं. आणि पासपोर्टची मुदत आजच बघून ठेव, संपत आला असेल तर आधी रिन्यू कर.