खांदा नेमका कुठे?

दारव्ह्याकडच्या एका वाचकाचा प्रश्न आहे : पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाची खांद शेकतो, ती मानेवर असते. माणसाचा खांदा मात्र हाताच्या सांध्याला. मग शब्द एक कसा? आणि 'खांदा भरून आला', 'धरला', 'निखळला' हे एकच का?

शब्द एकच आहे. संस्कृत स्कंध, प्राकृत खंध, त्यातून खांदा आणि खांद. झाडाची खांदी त्याच घरातली. संस्कृतात स्कंध म्हणजे बुंध्याचा, फांद्या फुटतात तिथला भागही.

बैलाची खांद म्हणजे वशिंडाच्या पुढे, जू टेकते ती जागा. 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या' म्हणत हळद-तूप लावून शेकतात ती हीच, आणि जू ओबडधोबड असले किंवा जोडीतला एक बैल ठेंगणा असला की खांदेसूज येते तीही इथेच. आता माणूस कावड कुठे ठेवतो ते पाहा. हाताच्या सांध्यावर नव्हे. मान आणि सांधा यांच्या मधल्या मांसल उतारावर. तिरडीला खांदा देतो तोही तिथेच. म्हणजे ओझ्याच्या अर्थाने माणसाचा आणि बैलाचा खांदा फार लांब नाहीत. दवाखान्यात मात्र खांदा म्हणजे सांधा. घोळ इथून सुरू होतो.

या भागात हाडे तीन. पाठीवरचे चपटे तिकोनी हाड, त्याला कुणी पाखोरा म्हणतो, कुणी फरा. गळ्याखालचे आडवे हाड, म्हणजे कॉलर बोन. आणि दंडाचे हाड. 'खांदा मोडला' ऐकले तर पुष्कळदा मोडलेले असते ते कॉलर बोन. सबंध हात धडाला हाडाने जोडलेला आहे तो या एकाच हाडामुळे. (बैलाला हे हाडच नसते, त्याचा पुढचा पाय धडाला फक्त स्नायूंनी बांधलेला असतो.) दंडाच्या हाडाचा गोळा मोठा आणि पाखोऱ्यावरची त्याची खोबण उथळ, बशीत लिंबू ठेवावे तशी. तो गोळा जागेवर धरून ठेवायचे काम मुख्यतः चार लहान स्नायूंचे. हात बाजूने सरळ वर नेताना, म्हणजे १८० अंशांत, साधारण १२० अंश सांधा फिरतो आणि ६० अंश पाखोरा पाठीवर सरकतो. म्हणून पाखोरा जखडला तरी माणूस 'खांदा दुखते' असेच सांगतो.

नाम असे ढिले आहे, पण क्रियापदे नेमकी आहेत. १६ लिटरचा फवारणी पंप दिवसभर पाठीवर वागवला की संध्याकाळी 'खांदा भरून येतो'. ते त्या मांसल उताराचे दुखणे, दोन-तीन दिवसांच्या आरामाने उतरते. 'निखळला' म्हणजे गोळा खोबणीबाहेर गेला, बहुतेक वेळा पुढच्या बाजूला. खांद्याची गोलाई जाते, दंडाच्या वरच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणाही येऊ शकतो. इथे कुणाला झटका देऊ देऊ नये. सोबत हाड मोडलेले असू शकते, शीर दुखावलेली असू शकते. हात आहे तसा छातीशी बांधून एक्स-रे काढायला न्यावे.

खरी पंचाईत 'धरला' या शब्दाची. मान धरते, कंबर धरते ती अचानक, आणि चार दिवसांत सुटतेही. 'खांदा धरला ना बापा' म्हणणारा तेच समजून महिनोन्‌महिने तेल चोळत बसतो. पण सांध्याभोवतीची पिशवी जाड होऊन आक्रसते तो आजार हळूहळू येतो आणि वर्ष-दोन वर्षेही राहतो. चाळिशी ते साठीत जास्त, साखरेच्या रोग्यांत तर आणखी जास्त. त्याला 'आखडला' हाच शब्द बरोबर. ओळख अशी : कोपर कुशीला चिकटवून पंजा बाहेरच्या बाजूला फिरवायचा. आखडलेल्या खांद्यात तो फिरत नाही, आणि दुसऱ्याने फिरवला तरी अडतो. याउलट स्वतःहून हात वर जात नाही, पण दुसऱ्याने उचलला तर जातो, असे असेल तर त्या चार स्नायूंपैकी एखाद्याचा कंडरा (स्नायूला हाडाशी बांधणारा दोर) फाटला असण्याची शंका घ्यावी. त्याला आपल्या बोलीत वेगळे क्रियापद नाही. डॉक्टरला तेवढे पूर्ण वाक्यातच सांगावे : 'माह्यानं उचलत नाई, पोरानं उचलला त जाते.'