क्रॉयडनला जायचंय, मग हीथ्रो कशाला?

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही दोघं सांगलीला असतो. माझं वय 64, ह्यांचं 68. मुलगा लंडनमध्ये क्रॉयडनला राहतो, त्याच्याकडे मे महिन्यात पहिल्यांदाच निघालोय. दोन तिकिटं समोर आहेत. एक मुंबईहून थेट हीथ्रो. दुसरं दुबईमार्गे गॅटविक, तेही दोघांचं मिळून वीसेक हजारांनी स्वस्त. एजंट म्हणतो, हीथ्रोच मोठं, तिथंच उतरा. आम्ही पोचणार त्या दिवशी मुलाला कामावरून सुटता येणार नाही, आणि ह्यांच्या गुडघ्याचं दुखणं आहे. आमचं आम्ही घरापर्यंत जाऊ शकू का? शिवाय जूनमध्ये नातीला घेऊन सगळे आठवडाभर स्पेनला जायचं म्हणताहेत. स्टॅनस्टेडहून सकाळी 6.25 चं विमान फार स्वस्त मिळतंय. तेही लंडनच ना? आणि नातीसाठी साताऱ्याचे कंदी पेढे नेले तर चालतील का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : काकू, गॅटविकचंच तिकीट काढा. पैसे वाचतात म्हणून नाही. दोन्ही तिकिटं एका किमतीला मिळत असती तरी मी हेच सांगितलं असतं.

लंडनचं नाव लावणारे विमानतळ सहा आहेत, आणि ते शहराच्या चहूबाजूंना पसरलेत. हीथ्रो पश्चिमेला. गॅटविक दक्षिणेला, शहराच्या मध्यापासून 45 किलोमीटरच्या आसपास. ल्युटन उत्तरेला, स्टॅनस्टेड ईशान्येला, साउथएंड पूर्वेला पार समुद्राजवळ. खऱ्या अर्थानं शहरातला म्हणावा असा एकच, लंडन सिटी. पण त्याची धावपट्टी आखूड, तुमचं मोठं विमान तिथं उतरूच शकत नाही. तुमच्या मुलाचं क्रॉयडन हे लंडनचं दक्षिण टोक. म्हणजे गॅटविककडून शहरात येताना क्रॉयडन वाटेतच लागतं. हीथ्रोहून मात्र शहराला अर्धा वळसा घालावा लागतो.

हे मी इतकं ठासून सांगते, कारण मी स्वतः ही चूक केली आहे आणि ती माझ्या आईबाबांना भोगावी लागली. 2007 साली आम्ही हॅरोला राहत होतो. हॅरो वायव्येला, तिथून हीथ्रो गाडीनं अर्ध्या-पाऊण तासावर. मी मात्र साठेक पौंड वाचतात म्हणून त्यांचं गॅटविकचं तिकीट काढलं. शुक्रवारची संध्याकाळ. शहराला वेढा घालणारा एम25 नावाचा रस्ता आहे, त्यावर आम्ही पावणेतीन तास अडकलो. बाबा मागच्या सीटवर खिडकीला डोकं टेकून गप्प बसले होते. आईच्या मांडीवर स्टीलचा डबा होता. एकदा तिनं झाकण उघडलं, उरलेल्या दोन चकल्यांपैकी एक बाबांच्या हातात ठेवली, दुसरी मला दिली आणि डबा परत बंद केला. घरी पोचलो तेव्हा बाबांना पायऱ्या चढवेनात. तुमच्या यजमानांच्या गुडघ्याचं वाचलं आणि मला आधी तोच डबा आठवला.

तेव्हा विमान किती वाजता टेकतं ते बघू नका, मुलाच्या घराची बेल किती वाजता वाजते ते बघा. गॅटविकहून ईस्ट क्रॉयडन स्टेशन थेट गाडीनं 15 ते 20 मिनिटं. दर तासाला कितीतरी गाड्या असतात. स्टेशन विमानतळाच्या दक्षिण टर्मिनलला लागूनच आहे. तुमचं विमान उत्तर टर्मिनलला आलं तर बाहेर पडून 'शटल' अशी पाटी बघायची. ती छोटी गाडी दोन-तीन मिनिटांत दक्षिण टर्मिनलला सोडते, पैसे लागत नाहीत. 2023 मध्ये ते स्टेशन नव्यानं वाढवलं, आता फलाटांवर जायला लिफ्ट आणि सरकते जिने आहेत. सामान उचलायला हमाल मात्र मिळणार नाही, म्हणून बॅगा चार चाकांच्याच घ्या.

आता नीट लक्ष द्या, कारण फसायची जागा इथं आहे. फलाटावर 'गॅटविक एक्स्प्रेस' नावाची गाडी दिसेल. नाव बघून आपल्याला वाटतं, हीच आपली. ती थेट लंडनच्या मध्यातल्या व्हिक्टोरिया स्टेशनला जाते, ईस्ट क्रॉयडनला थांबतच नाही. दादरला उतरायचं असताना दादर न घेणाऱ्या गाडीत बसण्यासारखं होईल ते. तुम्हाला हवी सदर्न किंवा थेम्सलिंक या रेल्वे कंपन्यांची गाडी. इंडिकेटरवर थांब्यांची यादी सरकत असते, तीत 'ईस्ट क्रॉयडन' वाचल्याशिवाय चढू नका. आणि एक्स्प्रेसचं महागडं तिकीटही कुणी गळ्यात मारू देऊ नका. खिडकीवर सांगायचं, ईस्ट क्रॉयडन, सिंगल, दोन माणसं.

तिकीट न काढता कार्ड टेकवूनही आत जाता येतं. फाटकावर पिवळा गोल असतो, त्यावर कार्ड धरायचं, फाटक उघडतं. उतरल्यावर बाहेर पडताना परत तेच कार्ड टेकवायचं. माणशी एक कार्ड लागतं, एकावर दोघं जाता येत नाही. आपल्याकडच्या कार्डांवर परदेशातला वापर सहसा बंद असतो, तेव्हा निघण्याआधी सांगलीत बँकेत जाऊन तो आणि 'टॅप'ची सोय, दोन्ही चालू करून घ्या. कार्ड व्हिसा किंवा मास्टरकार्डचं असू दे. ईस्ट क्रॉयडनच्या बाहेर टॅक्सी मिळते. ट्रामही तिथूनच सुटतात, त्यातून नातीबरोबर नंतर हिंडा, पहिल्या दिवशी बॅगा घेऊन नको.

दुबईत विमान बदलायचं म्हणून तुम्ही घाबरला असाल, ते साहजिक आहे. सगळा प्रवास एकाच तिकिटावर असू द्या, म्हणजे बॅगा मुंबईत दिल्या की थेट गॅटविकलाच हातात येतात. दोन विमानांच्या मध्ये किमान तीन तास ठेवा. आणि ह्यांच्यासाठी व्हीलचेअर आत्ताच, तिकीट काढतानाच मागा. निदान 48 तास आधी सांगावं लागतं. 'मला काय झालंय, मी चालतो की' असं ते म्हणतील. माझे बाबाही म्हणायचे. ऐकू नका. दुबईचा विमानतळ अफाट आहे, तिथं व्हीलचेअरवाला माणूस पुढच्या विमानाच्या दारापर्यंत नेऊन सोडतो, आणि तुम्हीही त्याच्या मागोमाग बिनघोर जाता.

मुलानं रजा काढली किंवा तुम्ही थेट विमानाचाच आग्रह धरला, तर हीथ्रोहून जाणं अशक्य नाही. एलिझाबेथ लाइन ही शहरातून जाणारी रेल्वे पकडायची, फॅरिंग्डन स्टेशनला उतरायचं, लिफ्टनं थेम्सलिंकच्या फलाटावर जायचं आणि ईस्ट क्रॉयडन गाठायचं. गाडी एकदाच बदलावी लागते, पण चालणं धरून दीड तास लागतो. ही लाइन 2022 मध्ये सुरू झाली, त्याआधी हा पर्याय मी कुणाला सुचवलाच नसता. पिकॅडिली लाइन ही जुनी भुयारी रेल्वे तिच्या निम्म्याहून कमी पैशांत शहरात आणते, पण डबे लहान, प्रवास रेंगाळणारा, आणि वाटेतल्या पुष्कळ स्टेशनांत जिनेच जिने. गुडघेदुखीवाल्यानं त्या वाटेला जाऊ नये. ज्यांची मुलं हॅरो, हाउन्स्लो, स्लाउ किंवा रेडिंगकडे राहतात त्यांनी मात्र डोळे मिटून हीथ्रो घ्यावं. तुमच्या एजंटाच्या डोळ्यासमोर बहुतेक तीच गिऱ्हाइकं असणार.

जाता जाता मुंबईचंही बघा. 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आहे, तेव्हा तुमच्या तिकिटावर 'मुंबई' म्हणजे नक्की कुठली हे वाचून घ्या. सांगलीहून येताना पनवेल आधी लागतं आणि अंधेरी नंतर. त्यावर तुमची निघायची वेळ ठरणार.

आता स्टॅनस्टेड. नाव लंडनचं असलं तरी तो एसेक्समध्ये आहे, क्रॉयडनच्या अगदी उलट टोकाला. सकाळी 6.25 च्या विमानासाठी साडेचारच्या सुमारास तिथं हजर पाहिजे. म्हणजे घरातून मध्यरात्रीच निघायचं. आठवड्याच्या मधल्या दिवशी त्या वेळी भुयारी रेल्वे बंद असते, त्यामुळे सगळ्यांना टॅक्सी करावी लागणार आणि तिकिटात वाचलेलं तिथंच जाणार. नातीला अर्ध्या झोपेतून उठवायचं ते वेगळंच. गॅटविकहून स्पेनला भरपूर विमानं जातात, त्यातलंच एखादं सकाळी नऊ-दहाचं घ्या असं मुलाला माझं नाव सांगून सांगा.

पण त्याआधीची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे आणि ती पत्रात कुठं दिसली नाही. ब्रिटनच्या व्हिसावर स्पेनला जाता येत नाही. त्यासाठी वेगळा शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एक असतो तो, लागतो, आणि पाहुणे म्हणून आलेल्यांना तो लंडनमध्ये बसून सहसा मागता येत नाही. भारतात असतानाच अर्ज करा, ब्रिटनचा व्हिसा हातात आला की लगेच. ब्रिटनच्या व्हिसावर एकापेक्षा जास्त वेळा प्रवेशाची मुभा आहे ना, तेही तपासा, नाहीतर स्पेनहून परतताना अडचण होईल.

पेढ्यांचं वाचून मला वाईट वाटलं, कारण उत्तर नाही असंच आहे. भारतातून दुधाचे पदार्थ इकडे आणायला बंदी आहे, विमानतळावर सापडले तर काढून घेतात. कंदी पेढे साताऱ्यालाच खाऊन घ्या. नातीसाठी तुमच्या सांगलीचे बेदाणे आणा, ते चालतात.