त्रास काहीच नाही, रिपोर्ट मात्र पॉझिटिव्ह!

प्रश्न: सासूबाई 72 वर्षांच्या, शुगर आहे. रुटीन चेकअपमध्ये लघवीच्या कल्चरला (जंतूंची तपासणी) ई. कोलाय नावाचे जंतू आले, एका मिलीलीटरला 1 लाखाच्या वर. जळजळ नाही, ताप नाही. तरी 5 दिवस अँटिबायोटिक घेतलं, महिन्याने परत तपासलं तर परत तेच! आता दुसरा कोर्स करायचा का?

उत्तर: नको ताई. आणि परत तपासायला तरी कुणी सांगितलं होतं? त्रास नसेल तर हे कल्चर करायचंच नसतं, कारण या वयात बऱ्याच बायकांच्या लघवीत असे जंतू मुक्काम ठोकून असतात आणि काही करत नाहीत, औषधाने चार दिवस जातात नि परत येतात, आणि येताना कधी कधी ते औषध पचवायला शिकून येतात, मग उद्या खरंच इन्फेक्शन झालं की साध्या गोळीने भागत नाही, इंजेक्शनं घ्यावी लागतात. जुलाब होतात ते वेगळंच. शुगर असली तरी नियम हाच. लघवी गढूळ आहे, वास येतो, पस सेल्स (पू-पेशी) दिसल्या, एवढ्यावरूनही गोळ्या नकोत.

मोठे अपवाद दोन: गरोदर बाई, तिला त्रास नसला तरी औषध द्यायचं, नाहीतर इन्फेक्शन किडनीपर्यंत जाऊ शकतं. आणि दुर्बिणीतून प्रोस्टेट (पुरुषांची मूत्राशयाखालची ग्रंथी) काढण्यासारखं मूत्रमार्गाचं ऑपरेशन, त्याच्या आधी तपासून औषध द्यायचं. मोतीबिंदू, गुडघा वगैरे यात येत नाही.

हां, लघवीला जळजळ, थंडी वाजून ताप, कमरेच्या वर एका बाजूला दुखणं असं काही झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, कल्चर तेव्हा करा.