सट्ट्याच्या संकेतस्थळावर अडकलेली रक्कम आणि गोठवलेले पगाराचे खाते

प्रश्न : मी भांडुपला राहतो आणि अंधेरीला नोकरी करतो. आयपीएलच्या काळात एका परदेशी बेटिंग संकेतस्थळावर यूपीआयने टप्प्याटप्प्याने १,८५,००० रुपये भरले. त्यातले ६०,००० सहकाऱ्याकडून उसने घेतले होते. सुरुवातीला काढलेले २,००० आणि नंतरचे ५,००० रुपये दहा मिनिटांत खात्यात आले. आता ४,२०,००० रुपये शिल्लक दिसते, पण पैसे काढण्याची विनंती तीन आठवडे ‘पेंडिंग’ आहे. टेलिग्रामवरचा ‘मॅनेजर’ सांगतो की आधी ३० टक्के कराचे १,२६,००० रुपये भरा. त्यात परवा बँकेने माझे पगाराचे खाते गोठवले. संकेतस्थळावर ‘२४ तासांत पैसे’ असे स्पष्ट लिहिले आहे. कायद्याने किती दिवसांत पैसे मिळायला हवेत? दावा लावता येईल का?

उत्तर : सप्रेम नमस्कार. सर्वांत निकडीची गोष्ट आधी सांगतो : ते १,२६,००० रुपये भरू नका आणि त्यासाठी आणखी कोणाकडून उसनवारीही करू नका. ऑनलाइन खेळातील निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर आहे हे खरे असल्यामुळेच ही मागणी पटण्यासारखी वाटते. परंतु एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या तरतुदीनुसार तो कर पैसे देणाऱ्याने त्याच रकमेतून कापून सरकारजमा करायचा असतो. खेळणाऱ्याने तो आधी स्वतःच्या खिशातून काढून कोणा अनोळखी व्यक्तीच्या यूपीआयवर पाठवावा, असे आयकर कायद्यात कुठेही नाही. त्यांच्याच हिशेबाने कर कापायचा असता तर १,२६,००० वजा करून उरलेले २,९४,००० रुपये त्यांनी आपल्याला केव्हाच पाठवले असते. अशा प्रकरणांत कर भरला की ‘व्हेरिफिकेशन’चे पैसे मागितले जातात, ते भरले की विलंबाचा दंड निघतो, आणि माणूस थकेपर्यंत हे चालूच राहते.

आता मुदतीविषयी. अशा संकेतस्थळांनी किती दिवसांत पैसे द्यावेत हे ठरवणारा एकही नियम भारतात नाही, कारण मुळात तो व्यवहारच आपला कायदा मानत नाही. ब्रिटनमध्ये जुगार आयोगाच्या परवानाधारकांवर असे बंधन आहे की, ग्राहकाकडे आधीच मागता आली असती अशी माहिती पैसे काढण्याच्या वेळी अट म्हणून पुढे करता येत नाही. मात्र हे संरक्षण तिथल्या परवान्यापुरते आहे. आपल्या संकेतस्थळाने तळाशी कोणत्याही परदेशी बेटावरच्या सरकारच्या परवान्याचे चिन्ह लावलेले असले, तरी त्याच्या बळावर भांडुपच्या रहिवाशाला मुंबईच्या न्यायालयात काहीही मागता येत नाही. दहा मिनिटांत आलेल्या ज्या रकमांमुळे आपला विश्वास बसला, त्या लहान रकमा तेवढ्यासाठीच तत्परतेने दिल्या जातात. संकेतस्थळ किती लवकर पैसे देते यावरून त्याची सचोटी जोखणे म्हणूनच धोक्याचे आहे.

दाव्याचे उत्तर दुर्दैवाने नकारार्थी आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ३० नुसार पैजेचा करार शून्य ठरतो आणि पैजेत जिंकल्याचे सांगितले जाणारे काहीही वसूल करण्यासाठी दावा चालत नाही. तेव्हा ४,२०,००० हा आकडा कायद्याच्या दृष्टीने आपले येणे नाही, तो केवळ पडद्यावर दिसणारा आकडा आहे. शिवाय संसदेने २०२५ साली केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने, ज्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली, पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ पुरवण्यास, त्यांची जाहिरात करण्यास आणि बँकांनी त्यांचे व्यवहार हाताळण्यास मनाई केली आहे.

परंतु आपण प्रत्यक्ष भरलेल्या १,८५,००० रुपयांची गोष्ट वेगळी आहे. खोट्या आश्वासनावर पैसे उकळणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीचा गुन्हा आहे, आणि पैजेचा करार शून्य असल्याने तो गुन्हा पुसला जात नाही. आपला मार्ग फौजदारी तक्रारीचा आहे. २०२५ च्या कायद्यात नुसता खेळ खेळणाऱ्या माणसाला शिक्षा ठेवलेली नाही, त्यामुळे ‘तक्रार केली तर मलाच आत टाकतील’ या भीतीने आणखी दिवस घालवू नका. आजच सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदतक्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि पोचक्रमांक जपून ठेवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरत असतात आणि ते वाटेत असतानाच अडवता येतात. तीन आठवड्यांनंतर सगळी रक्कम सापडेल असे आश्वासन मी देणार नाही, पण अलीकडे भरलेल्या रकमांबाबत आशा सोडण्याचे कारण नाही. पोलीस ठाण्याने हद्दीचे कारण सांगून परत पाठवले, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ कडे लक्ष वेधा. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते.

पुराव्याबाबत एक गोष्ट बारकाईने करा. यूपीआय ॲपमध्ये प्रत्येक व्यवहार उघडला की बारा आकडी यूटीआर क्रमांक (त्या व्यवहाराचा स्वतंत्र ओळखक्रमांक) आणि पैसे स्वीकारणाऱ्याचे नाव दिसते. भरणा केलेली खाती दर वेळी वेगवेगळ्या व्यक्तींच्या नावावर असण्याचा संभव आहे. ती नावे, तारखा, रकमा आणि यूटीआर एका कागदावर ओळीने उतरवा, कारण तपास अधिकाऱ्याच्या दृष्टीने संपूर्ण तक्रारीत याच कागदाचे मोल सर्वाधिक असते. टेलिग्रामवर समोरचा माणूस दोन्ही बाजूंचे संभाषण पुसू शकतो, म्हणून त्याला काहीही सुगावा लागण्यापूर्वी सगळे संभाषण संगणकावर उतरवून घ्या. मूळ मोबाइल विकू नका, रीसेटही करू नका.

गोठवलेल्या खात्याचे मूळ बहुधा त्या ५,००० रुपयांत आहे. ही मंडळी अनेकदा एका फसवलेल्या माणसाचे पैसे दुसऱ्याला ‘जिंकलेली रक्कम’ म्हणून पाठवतात. मग पहिल्याने तक्रार केली की पोलिसांचा माग आपल्या खात्यापर्यंत येतो. बँकेकडे लेखी अर्ज करून तक्रारीचा क्रमांक, पोलीस ठाणे आणि वादग्रस्त रक्कम मागून घ्या. त्या तपास अधिकाऱ्याला आपल्या पगारपत्रकांसह खरी हकिगत कळवा आणि वादग्रस्त रकमेपुरताच अटकाव ठेवून उरलेले खाते मोकळे करावे, अशी विनंती करा. पैसे मित्राने परत केले वगैरे बनाव रचू नका, त्याने आपण पीडिताचे आरोपी व्हाल. विनंती मान्य न झाल्यास संबंधित दंडाधिकाऱ्यांकडे नागरिक सुरक्षा संहितेच्याच कलम ५०३ खाली अर्ज करता येतो, आणि तिथेही दाद न मिळाल्यास मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिकेचा विचार करता येईल. माझ्या मते पगारावर घर चालणाऱ्या माणसाचे संपूर्ण खाते ५,००० रुपयांसाठी अडवून ठेवणे अन्यायकारक आहे आणि ते ठामपणे मांडायला हवे.

सहकाऱ्याच्या ६०,००० रुपयांबद्दल आपण विचारलेले नाही, तरी सांगतो. महाराष्ट्रात १८६५ चा जुना मुंबई कायदा अजूनही महत्त्वाचा आहे. त्यानुसार जाणूनबुजून पैजेला साहाय्य करणारे पूरक करारही शून्य ठरतात. त्यामुळे हे पैसे सट्ट्यासाठी आहेत हे त्याला ठाऊक असते, तर वसुलीच्या वेळी त्याला अडचण आली असती. आपण त्याला कारण सांगितले नसेल, तर ते साधे हातउसने कर्ज आहे आणि ते फेडण्यास आपण बांधील आहात. ठाऊक असले तरी त्या कायद्याची ढाल करून त्याचे पैसे बुडवावेत, असा सल्ला मी देणार नाही. खाते मोकळे होईपर्यंत त्याला खरी परिस्थिती सांगून हप्ते ठरवून घ्या.