नायजेरिया तेल विकतो, बँका विक्रमी नफा दाखवतात, मग नायरा सारखा का पडतो?

तुमचा प्रश्न असा आहे: धाकट्या भावाला लागोसच्या एका कारखान्यात अकाउंट्सची नोकरी चालून आली आहे. देश तेलाचा मोठा निर्यातदार, बँकांचे नफ्याचे आकडे डोळे दिपवणारे, तरी तिथलं चलन नायरा कोसळतं आणि लोक गरीब होत जातात, हे गणित कसं जुळतं? आणि जावं की नाही?

मी २०१३ ते २०२३ लागोसमध्ये होतो. इकेजा भागातल्या एका प्लास्टिकच्या कारखान्यात हिशेब आणि आयातीची कागदपत्रं माझ्याकडे होती. त्यामुळे जे सांगतोय त्यातलं बरंचसं बँकेच्या काउंटरवर तिष्ठत राहून शिकलेलं आहे.

सगळ्यात आधी एक समज सोडून द्या. नायजेरियाची अर्थव्यवस्था म्हणजे तेल, असं नाही. जीडीपीत तेलाचा वाटा गेली कित्येक वर्षं दहा टक्क्यांच्या आतबाहेरच आहे. शेती, व्यापार, टेलिकॉम हे त्याहून मोठे. पण निर्यातीतून येणारे डॉलर मात्र बहुतांश तेल आणि गॅसचे, आणि सरकारच्या कमाईचा मोठा हिस्साही तिथूनच. म्हणजे देश पोट भरतो शेती-व्यापारावर आणि डॉलर कमावतो तेलावर. गहू, औषधं, यंत्रं, कारखान्याचा कच्चा माल सगळं डॉलरने येतं. इतकंच काय, पेट्रोलसुद्धा बाहेरून यायचं. पोर्ट हारकोर्ट, वारी आणि कदुना इथल्या सरकारी रिफायनऱ्यांची क्षमता कागदावर रोज ४,४५,००० बॅरल. प्रत्यक्षात त्या वर्षानुवर्षं जवळपास बंद. आपलं क्रूड, म्हणजे कच्चं तेल, विकायचं आणि दुसऱ्याचं पेट्रोल विकत घ्यायचं. लागोसच्या पंपावर पहाटे चारला रांगेत उभं राहिलेल्या माणसाला हे फार लागतं. जमीन आमची, तेल आमचं आणि आम्हीच रांगेत, असं आमचा ड्रायव्हर मला म्हणायचा आणि माझ्याकडे उत्तर नसायचं.

हे नेहमीच असं नव्हतं. १९५६ साली ओलोइबिरीला तेल सापडलं आणि १९५८ पासून निर्यात सुरू झाली. तोपर्यंत उत्तरेत कानोला भुईमुगाच्या पोत्यांचे पिरॅमिड रचलेले असायचे, नैऋत्येला कोको, आग्नेयेला पाम तेल. सत्तरच्या दशकात तेलाचा पैसा असा आला की चलन महाग झालं, आयात स्वस्त पडू लागली आणि शेतमाल पिकवून परदेशी विकणं परवडेनासं झालं. ते पिरॅमिड आता फक्त फोटोत आहेत.

आता माझ्या टेबलावरची गोष्ट सांगतो, म्हणजे तेल, डॉलर आणि बँक यांची गाठ कुठे आहे ते दिसेल.

२०१४ च्या मध्यात क्रूड शंभर डॉलरच्या वर होतं. २०१६ च्या जानेवारीत ते तिशीच्या खाली आलं. डॉलरची आवक आटली, पण केंद्रीय बँकेने अधिकृत दर १९७ ते १९९ नायराला धरून ठेवला. रस्त्यावर अबोकीकडे तोच डॉलर तीनशेच्या पुढे. (अबोकी म्हणजे हौसा भाषेत मित्र, लागोसमध्ये रस्त्यावर चलन बदलून देणाऱ्याला सगळे हेच म्हणतात.) जून २०१५ मध्ये ४१ वस्तूंची यादी निघाली. या वस्तू आणायच्या तर बँकेतून डॉलर मिळणार नाही. तांदूळ, सिमेंट, टूथपिक, खासगी विमानं, आणि त्यातच ‘भारतीय उदबत्ती’. त्या वर्षी गणपतीला आम्ही घरून आणलेल्या दोन पुड्या दहा दिवस पुरवल्या.

आमच्या प्रकारचे प्लास्टिकचे दाणे यादीत नव्हते, तरी रांग चुकली नाही. आयात करायची तर बँकेमार्फत फॉर्म एम हा आयातीचा अर्ज भरायचा, एलसी (पुरवठादाराला बँकेने दिलेली पैशांची हमी) उघडायची, माल यायचा, आणि मुदत भरली की बँकेने डॉलर द्यायचे. बँक दर आठवड्याला केंद्रीय बँकेकडे मागणी नोंदवायची. आम्ही एक लाख मागितले तर कधी बारा हजार मिळायचे, कधी काहीच नाही. ट्रेड डेस्कवरची बाई मला बघितलं की फाईल न उघडताच मान हलवायची. माल आपापा बंदरात, डेमरेज (माल बंदरात पडून राहिल्याचा दंड) रोज वाढतंय, आणि आखातातला पुरवठादार फोनवर विचारतोय, पैसे कधी?

२० जून २०१६ ला, सोमवारी, केंद्रीय बँकेने दर सोडला. आमची दहा लाख डॉलरची देणी तटली होती. शुक्रवारच्या दराने त्याचे १९ कोटी ९० लाख नायरा होत होते. सोमवारी संध्याकाळी २८ कोटींच्या वर. माल वर्षभरापूर्वी जुन्या दराने हिशेब करून विकून टाकलेला. हा फरक कुणाच्या नावावर टाकायचा, या एका ओळीवर मी रात्री अकरापर्यंत बसलो होतो. पुढच्या महिन्यात कारखान्याची एक शिफ्ट बंद झाली. साठ माणसं घरी गेली, आणि त्यातल्या एकानेही आयुष्यात डॉलर हातात धरलेला नव्हता.

असे कारखाने शेकड्यांनी होते आणि त्या सगळ्यांना कर्ज बँकांनीच दिलेलं. शिवाय २०१० नंतर परदेशी कंपन्या जी तेलक्षेत्रं विकत होत्या, ती घ्यायला स्थानिक कंपन्यांनी बँकांकडून डॉलरमध्ये कर्ज काढलं होतं. २०१३ मध्ये वीज वितरणाचं खासगीकरण झालं, तिथेही तेच; बरंचसं कर्ज डॉलरचं आणि वीजबिल नायरात. टेलिकॉममधलं उदाहरण तर उघडच आहे. एतिसलात नायजेरियाने १३ बँकांकडून १.२ अब्ज डॉलरचं कर्ज उचललं होतं, नायरा पडल्यावर ते फेडता आलं नाही आणि २०१७ मध्ये अमिरातीतली मूळ कंपनी बाहेर पडली. त्या काळात बँकांची बुडीत कर्जं दहा टक्क्यांच्या वर गेली; नियामकाची मर्यादा पाच टक्के. म्हणजे तेलाचा भाव पडला की सरकारची तिजोरी, आयातदाराचा डॉलर आणि बँकेची कर्जवही, तिन्हींना एकाच महिन्यात गळती लागते. एक वाचली म्हणून दुसरीला सावरेल, अशी सोय नाही.

हे तिथल्या सरकारला आणि बँकांना माहीत नव्हतं असंही नाही; एकदा आधीच घडून गेलं होतं. २००४ मध्ये केंद्रीय बँकेचे गव्हर्नर चार्ल्स सोलुडो यांनी बँकांचं किमान भांडवल २ अब्ज नायरांवरून थेट २५ अब्जांवर नेलं. दीड वर्षात ८९ बँकांच्या २५ झाल्या. कागदावर बळकट बँका, हातात नवा पैसा. तो कुठे लावायचा? बराचसा शेअर बाजारात आणि तेल आयातदारांच्या कर्जात गेला. काही बँका तर स्वतःचेच शेअर घ्यायला लोकांना कर्ज देत होत्या. २००८ मध्ये क्रूड १४७ डॉलरवरून वर्षअखेर चाळिशीच्या खाली आलं, शेअर बाजार आपटला, आणि ऑगस्ट २००९ मध्ये नवे गव्हर्नर सानुसी लामिदो सानुसी यांनी पाच बँकांच्या प्रमुखांना एकाच दिवशी घरी पाठवलं. बँकांना तगवायला एकूण ६२० अब्ज नायरा ओतावे लागले, बुडीत कर्जं उचलायला २०१० मध्ये ॲमकॉन नावाची सरकारी संस्था काढावी लागली.

त्याच वर्षांत एक चांगली गोष्टही झाली होती आणि ती हातची गेली, याचं मला आजही वाईट वाटतं. २००४ मध्ये अर्थमंत्री न्गोझी ओकोंजो-इवेला यांच्या काळात ‘एक्सेस क्रूड अकाउंट’ सुरू झालं. बजेटमध्ये धरलेल्या तेलाच्या भावापेक्षा वर मिळेल तो पैसा बाजूला टाकायचा. सुगीत कणगी भरून ठेवावी तसं. २००८ पर्यंत त्यात सुमारे २० अब्ज डॉलर जमले. म्हणून २००८ चा धक्का सरकारला तरी पेलवला. पण राज्यांच्या गव्हर्नरांना (आपल्या मुख्यमंत्र्यांसारखे) तो पैसा वाटून हवा होता. ३६ पैकी बहुतेक राज्यं दर महिन्याला राजधानी अबुजातून येणाऱ्या वाट्यावरच जगतात. २०१४ मध्ये भाव पडला तेव्हा कणगीचा तळ दिसत होता, आणि आधीची साडेतीन वर्षं तेल शंभरच्या आसपास होतं!

आता विक्रमी नफ्याकडे येऊ, कारण तुमच्या प्रश्नाचा गाभा तोच आहे.

बँकांनी कारखान्यांना, शेतकऱ्यांना कर्ज देऊन तो नफा कमावला असं समजू नका. खासगी क्षेत्राला दिलेलं कर्ज तिथे जीडीपीच्या दहा-पंधरा टक्क्यांच्या घरात आहे. भारतात हेच प्रमाण पन्नासच्या आसपास. आमच्यासारख्याला कर्ज मिळालंच तर पंचवीस-तीस टक्के व्याजाने. सरकारच्या ट्रेझरी बिलांवर, म्हणजे सरकारला थोड्या मुदतीसाठी दिलेल्या कर्जावर, बसल्याजागी भरघोस व्याज मिळत असेल, तर बँक माझ्या कारखान्याचा धोका का पत्करेल? नफ्याचा दुसरा मोठा झरा तर आणखी विचित्र आहे. बँकेकडे डॉलरमधली मालमत्ता देण्यांपेक्षा जास्त असेल, तर नायरा पडला की तिची नायरातली किंमत वाढते आणि ती वाढ नफ्यात दिसते. १४ जून २०२३ ला दर मोकळा सोडल्यावर अधिकृत डॉलर ४७१ वरून काही दिवसांत सातशेच्या पुढे गेला, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत पंधराशेच्याही वर. त्या काळात बँकांचे नफे कित्येक पट झाले. लोकांचा पगार अर्ध्याहून कमी मोलाचा झाला आणि तीच घसरण बँकांच्या ताळेबंदात कमाई म्हणून आली. केंद्रीय बँकेने हा पैसा लाभांशात वाटायला मनाई केली, सरकारने २०२४ मध्ये त्यावर ७० टक्के जादा कर लावला. दोन्ही पावलं मला योग्य वाटतात. म्हणून बँकांचा नफा बघून त्या देशाची तब्येत ठरवू नका. नाडी बघायची तर कर्ज कुणाला, किती टक्क्यांनी मिळतंय ते बघा.

२०२२ साल तर सगळ्यात बोलकं. युक्रेन युद्धामुळे क्रूड पुन्हा शंभरच्या वर गेलं. वाटलं, आता तरी दिवस फिरतील. पण पाइपलाइनमधून चोरी इतकी वाढली की ऑगस्टच्या सुमारास उत्पादन रोज दहा लाख बॅरलच्याही खाली आलं. ओपेक या तेल निर्यातदार देशांच्या संघटनेने दिलेला कोटा अठरा लाखांचा. जे विकलं जात होतं त्यातला पैसा पंपावर पेट्रोल स्वस्त ठेवण्याच्या सबसिडीत मुरत होता. क्रूड महाग झालं की आयात केलेलं पेट्रोलही महाग, म्हणजे सबसिडी आणखी मोठी. सरकारने मग केंद्रीय बँकेकडूनच उचल घेतली. तेव्हाच्या कायद्याने ही उचल आदल्या वर्षीच्या महसुलाच्या पाच टक्क्यांपर्यंतच घेता यायची. ती साचत साचत २२ लाख कोटी नायरांच्या वर गेली. एवढ्या नव्या पैशामागे नवे डॉलर नसतील तर नायरा कशाच्या आधारावर टिकणार?

मी निघायच्या आधीची नोटटंचाई मी विसरणार नाही. नव्या नोटा आणल्या आणि जुन्या फेब्रुवारी २०२३ पर्यंतच चालतील म्हणून सांगितलं, पण नव्या नोटा पुरेशा छापल्याच नव्हत्या. छत्रीखाली कार्ड चालवायचं पीओएस मशीन घेऊन बसणारी बाई दहा हजार रोख द्यायला दोन हजार कमिशन मागायची, कारण तीही नोटा विकतच आणत होती. डान्फोवाला (डान्फो म्हणजे लागोसची मिनीबस) रोखच घेतो, म्हणून आमचे कामगार सात-आठ किलोमीटर चालत यायचे. ३ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने जुन्या नोटा चालू ठेवायला लावल्या तेव्हा जीव भांड्यात पडला.

आणि तरी, त्या बँकिंगमध्ये शिकण्यासारखंही आहे. आपल्याकडे यूपीआय २०१६ ला आलं. लागोसमध्ये एका बँकेतून दुसऱ्या बँकेत क्षणात पैसे पाठवण्याची सोय २०११ पासून होती आणि साध्या फोनवरून कोड दाबूनही पैसे जायचे. २०१४ पासून प्रत्येक खातेदाराला बोटांच्या ठशांसह एकच बँक ओळख क्रमांक आहे. माणसं हुशार आहेत, कामाला वाघ आहेत.

आताची स्थिती मी सावध आशेची म्हणेन. मे २०२३ मध्ये सबसिडी गेली. पेट्रोल लिटरला दोनशेच्या आतून जुलैपर्यंत ६१७ नायरांवर गेलं आणि गरिबाचं कंबरडं मोडलं. पण तो भार कधीतरी उतरवावाच लागणार होता. दर मोकळा आहे, बँकेतून डॉलर न देण्याची ती यादीही ऑक्टोबर २०२३ मध्ये उठली. केंद्रीय बँकेचा व्याजदर २०२४ अखेर २७.५ टक्क्यांवर होता. लेक्कीची डांगोटे रिफायनरी, रोज साडेसहा लाख बॅरलची, २०२४ पासून चालू झाली. २०२४ मध्ये बँकांना पुन्हा भांडवल वाढवायला सांगितलं, परदेशातही व्यवहार करायचा आंतरराष्ट्रीय परवाना हवा तर ५०० अब्ज नायरा, मुदत ३१ मार्च २०२६. माझी एकच काळजी आहे: २००५ नंतर जसा नवा पैसा शेअरमध्ये गेला तसा या वेळी ट्रेझरी बिलांत जाऊ नये, कारखान्यांपर्यंत पोहोचावा.

भावाला जायला माझी हरकत नाही, मला तिथे दहा वर्षांत खूप माया मिळाली. फक्त सही करण्याआधी त्याने कंपनीला तीन गोष्टी विचाराव्यात. पगाराचा किती भाग डॉलरमध्ये भारतातल्या खात्यात जमा होईल आणि किती नायरात हातात मिळेल? नायरातला भाग दर पडल्यावर वाढवून देतात का, आणि किती महिन्यांनी? आणि घरभाडं, गाडी, जनरेटरचं डिझेल कुणाच्या खर्चाने? डिझेलचं नक्की विचारायला सांगा. ते लागोसमध्ये पगाराइतकंच महत्त्वाचं असतं.